दहापैकी चार

“किती?” मी विचारलं.

“चार लिही,” वृषाली म्हणाली. ती पलंगावर पालथी पडली होती, पोटाखाली दोन उशा, डोकं कडेवरून खाली सोडलेलं. चार म्हणून झाल्यावर तिनं डाव्या हाताची पाच बोटं उघडून दाखवली, मग मिटून परत तीन.

म्हणजे आठ.

स्वयंपाकघरातून आत्यांनी विचारलं, “किती म्हणली गं?”

“चार, आत्या.”

“बरं झालं बाई.” मग मिठाच्या बरणीचं झाकण वाजलं आणि आमटीत डाव फिरला. वृषाली उशीत तोंड खुपसून हसली. हसताना बरगडीत कळ गेली, तशी गप्प झाली.

मी वहीत तारीख टाकली आणि पुढं लिहिलं, चार.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. वृषाली माझी नणंद, त्या वर्षी एकोणीस वर्षांची. मी लग्न होऊन कराडला आले तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं, की मुलाच्या बहिणीला छातीचा त्रास आहे. त्रासाचं नाव सिस्टिक फायब्रोसिस आहे आणि तो जन्माबरोबर आलाय, हे मला हळद उतरल्यावर कळलं. छातीतला कफ डिंकासारखा घट्ट होतो, खाल्लेलं अंगी लागत नाही, आणि घामावाटे मीठ जातं ते जातंच. आत्या सांगायच्या, लहानपणी हिचा मुका घेतला की ओठ खारट व्हायचे. त्यांना वाटायचं, पोरगी रडून रडून अशी झाली असेल.

तो कफ सुटावा म्हणून सकाळ-संध्याकाळ तिच्या पाठीवर थाप द्यावी लागायची. हाताची ओंजळ करायची, आत हवा राहील अशी, आणि फासळ्यांवर ठेक्यानं थापायचं, प्रत्येक बाजूला दहा-दहा मिनिटं. मग तिनं खोकून ते बाहेर काढायचं. सतरा वर्षं हे काम आत्यांनी केलं. मग त्यांची मनगटं गेली. माझं माहेर जतकडचं, नवव्या वर्षापासून ज्वारीच्या भाकरी थापलेल्या. पुण्याच्या दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईंनी माझी थाप बघितली आणि म्हणाल्या, “हिचा हात आहे. हिलाच करू दे.” वृषाली तिथंच म्हणाली, “वहिनी, थाप बाई, पण तव्यावर टाकू नकोस.”

अशी आमची मैत्री झाली. नव्या नवरीला सासरी एक तरी माणूस आपलं लागतं. हे कारखान्यावर पाळीला, सासरे कधीच गेलेले, आत्यांचा धाक. माझं माणूस वृषालीच होती. जिभेला हाड नसलेली मुलगी. कुणी म्हणालं, अमक्या वैद्याचं घे, खोकला जाईल, की म्हणायची, “मीच गेले की सुंठीवाचून खोकला जाईल.” आत्या अशा वेळी तिला लाटणं फेकून मारायच्या, आणि ते लागणार नाही असं फेकायच्या.

धाप सगळ्यांना दिसायची. दुखणं कुणाला दिसत नव्हतं. खोकून खोकून तिच्या फासळ्या रोज दुखायच्या, पाठ दुखायची, काही दिवशी गुडघे सुजून मडक्यासारखे व्हायचे. म्हणून डॉक्टरांनी वही घालून दिली होती. रोज सकाळी विचारायचं, दुखणं दहापैकी किती? शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडं. तो आकडा बघून औषध ठरायचं. काम साधं होतं. ते बिघडवलं आत्यांच्या नवसानं.

डॉक्टर म्हणाले होते, हिच्या अंगातून मीठ जातं, तर हिला जास्तीचं मीठ द्या. आत्यांनी ते दिलं. पण त्यांच्या मनानं पुढचा हिशेब स्वतःच केला. हिचं मीठ जातंय, तर माझ्या वाट्याचं हिला लागू दे. गावाकडच्या देवीला त्या बोलल्या, ज्या दिवशी पोरीचं दुखणं पाच किंवा वर असेल, त्या दिवशी मी अळणी जेवेन. मीठ म्हणून जिभेला लावणार नाही. आणि त्या बोलल्याप्रमाणे वागल्या. आत्यांचा रक्तदाब आधीच कमी राहायचा. त्या वैशाखात वृषालीचा आकडा सात दिवस सहा-सातच्या खाली आला नाही. सात दिवस आत्यांनी बिनमिठाची भाकरी पाण्याबरोबर खाल्ली, आणि आठव्या दिवशी मोरीत कोसळल्या. भुवई फुटली. चार टाके पडले.

मोरीतलं रक्त मी धुतलं, आणि वृषाली दारात उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं, “किती?” आणि ती म्हणाली, “चार.”

मी पाठीवर हात ठेवला तर पाठ थरथरत होती. “खरं सांग.”

“चार म्हणजे चार. पाचला आई मीठ सोडते.”

“मग दोन तरी सांग. कमी सांगायचंच तर...”

“दोन कुणाला पटंल? खोटं बोलावं तर पटंल असं बोलावं माणसानं.” मग तिनं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. “शपथ आहे माझी. आईला सांगायचं न्हाई.”

मी शपथ घेतली. खरं सांगायचं तर मला ते आवडलंही होतं. त्या घरात माझ्याकडं राखायला पहिल्यांदाच काहीतरी आलं होतं. तेवीस वर्षांची होते, अक्कल किती असणार.

तिथून पुढं रोज चार. खरा आकडा ती मला बोटांनी दाखवायची आणि मी गिळून टाकायची. आत्यांच्या अंगावर थोडं मांस चढलं. भुवईचा व्रण पुसट झाला. त्या शेजारणीला सांगायच्या, “देवीनं ऐकलं बघा. चारच्या वर जात न्हाई आता.” मला ते ऐकून बरं वाटायचं, हे मी लपवणार नाही.

पण अंग काही वही वाचत नाही. दुखतंय म्हणून वृषाली पुरतं खोकेनाशी झाली. थाप सहन करायची, उठून बसायची, एक खोकला काढायची आणि अर्ध्यावर दात खाऊन थांबायची. “झालं,” म्हणायची. झालेलं नसायचं. आतला कफ मला हाताला कळायचा, ओल्या पिठासारखा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि बुक्क्या माझ्याच होत्या.

ऑगस्टात आम्ही तिघी पुण्याला गेलो. डॉक्टर सबनीस म्हणून बाई होत्या, शांत, तिरसटपणा नसलेल्या. वृषालीनं फुप्फुसाची ताकद मोजायच्या नळीत फुंकलं. मागच्या वेळी शंभरपैकी एकसष्ट आले होते, या वेळी अठ्ठेचाळीस. बाईंनी पुन्हा फुंकायला लावलं. सत्तेचाळीस.

त्यांनी वही उघडली. एकेक पान उलटत गेल्या. “चार. चार. चार. वही मात्र छान ठेवलीय. एक दिवस चुकलेला नाही. अक्षर कुणाचं?”

“माझं,” मी म्हणाले.

“सुंदर आहे.” मग त्यांनी वृषालीकडं पाहिलं. “दुखणं चारच असेल, तर खोकायला काय होतं तुला? कफ सगळा आत बसलाय. थाप घेतेस, मग काढत का नाहीस?”

वृषालीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

“कंटाळा करतेस. या वयात सगळेच करतात. पण तुला कंटाळा परवडणारा नाही, बाळ.”

आत्यांनी मान खाली घातली, शाळेत मुलाची तक्रार ऐकावी तशी. “आळशी झालीया थोडी. मी बघते आता तिच्याकडं.”

टेबलाखाली वृषालीनं माझ्या पावलावर पाऊल दाबलं. मी तिच्याकडं बघितलंच नाही. बाईंनी लिहिलं, थाप दोनदाच्या ऐवजी तीनदा. दुखण्याची गोळी लागेल तशी.

आत्या आणि वृषाली बाहेर गेल्या. मी दारापर्यंत गेले आणि परत फिरले. बाईंनी मान वर केली. “काही राहिलं का?”

जिभेच्या टोकावर आलं होतं. दाराच्या फटीतून आत्या दिसत होत्या. बाकावर बसून वृषालीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि तिला रागवतही होत्या. मी म्हणाले, “तिला तांदळाची पेज दिली तर चालेल का?”

“चालेल की,” बाई म्हणाल्या.

आज इतक्या वर्षांनीही मला पेज गिळवत नाही.

तीनदा थाप सुरू झाली. आता दुपारचीही आली. आत्या शेजारी बसून राहायच्या आणि म्हणायच्या, “खोक. अजून खोक. डॉक्टर काय म्हणल्या?” वृषालीच्या कपाळावर घाम यायचा आणि वाळून त्याची पांढरी रेघ उरायची. ती आईकडं बघून हसायची. माझ्याकडं बघून बोटं दाखवायची बंद झाली. मी विचारलं, तर म्हणाली, “कशाला? तुला तरी ओझं का?”

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. गणपती होऊन गेले होते, मखराचे रंगीत कागद अजून कोपऱ्यात पडलेले. सकाळचे साडेसहा. मी डाव्या बाजूला थापत होते, नेहमीच्याच ठेक्यात, नेहमीपेक्षा हलकीच. हाताखाली काहीतरी मोडलं. वाळलेली शेंग मोडावी तसं, एवढंसंच.

वृषाली ओरडली नाही. “वहिनी, थांब,” म्हणाली.

चार महिन्यांत ती पहिल्यांदा थांब म्हणाली होती. मी हात उचलला तो तसाच वर राहिला.

ह्यांनी मित्राची गाडी आणली आणि आम्ही पुण्याला निघालो. मागं मध्ये वृषाली, एका बाजूला मी, एका बाजूला आत्या. प्रत्येक गतिरोधकाला तिचा श्वास अडकायचा आणि मग कुत्र्याच्या पिलासारखा बारीक आवाज यायचा. साताऱ्याच्या अलीकडं आत्यांनी विचारलं, “किती गं बाळा? दुखतंय किती?”

वृषालीचे ओठ निळसर झाले होते. “चार,” ती म्हणाली.

“देवीनं राखलं,” आत्या म्हणाल्या आणि त्यांनी खिडकीबाहेर हात जोडले.

पुढच्या सीटवरून ह्यांनी एकदा मागं वळून बघितलं. मी त्यांच्याही नजरेला नजर दिली नाही.

एक्स-रे काढून झाल्यावर डॉक्टर सबनीसांनी आम्हाला त्यांच्या खोलीत बोलावलं. फिल्म उजेडावर धरली. “ही आजची बरगडी. नवीन तुटलीय. आणि ह्या दोन बघा. ह्या चिरून, अर्धवट जुळून आल्यात. ह्या दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या आहेत. तीन महिने ही मुलगी चिरलेल्या बरगड्यांवर खोकत होती, थाप घेत होती.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “वहीत चार कसं?”

हे भिंतीला टेकून उभे होते. आत्या खुर्चीत. बाहेर नर्स कुणाला तरी नावानं हाका मारत होती.

“वही खोटी आहे,” मी म्हणाले. “अक्षर माझं आहे आणि वही खोटी आहे. रोज सात-आठ असायचं. नऊसुद्धा.”

“मग चार का लिहिलंत?”

आता लपवून काय उरणार होतं? “पाच झालं की आत्या मीठ सोडतात. मागं त्या पडल्या. तिला ते बघवलं नाही.”

बाईंना समजायला वेळ लागला. मला दोनदा सांगावं लागलं, नवस काय, मीठ काय, मोरीत काय झालं. दुसऱ्यांदा सांगताना ते जास्तच खुळ्यासारखं वाटलं. बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला.

“मला आकडा खरा मिळाला असता, तर मी तेव्हाच फोटो काढला असता,” त्या म्हणाल्या. “या आजारात हाडं ठिसूळ होतात. थापेआधी अर्धा तास गोळी दिली असती. दुखण्याच्या डॉक्टरांकडून नस बधिर करायचं इंजेक्शन देता आलं असतं. मी उलट तीनदा थापायला सांगितलं. आळशी म्हणाले तिला.” मग चष्मा परत घालून म्हणाल्या, “मीसुद्धा वहीच वाचली. तिच्याकडं बघायला हवं होतं.”

“माझ्या हातानं मोडली का?” मी विचारलं.

“खोकल्यानंही मोडते. सांगता येणार नाही.”

ते अजूनही कुणाला सांगता आलेलं नाही.

आत्यांनी विचारलं, “बरगडी जुळंल. मग दुखायचं थांबंल न्हवं?”

“नाही थांबणार, आजी,” बाई म्हणाल्या. “जोराची औषधं दिली तर खोकला दबतो, पोट बांधतं, तिचा जीवच धोक्यात येतो. औषध नाही दिलं तर दुखण्यानं ती खोकत नाही. मधल्यामध्ये जेवढं करता येईल तेवढं करू. आठाचे पाच होतील. चार झाले, तर नशीब.”

इकडं आड तिकडं विहीर, आणि मधल्या चिंचोळ्या पायवाटेवर आमची वृषाली.

संध्याकाळी आम्ही तिच्या खाटेपाशी बसलो. तिला इंजेक्शन दिलं होतं, चेहरा जरा सैल झाला होता. आत्यांनी तिचा हात हातात घेतला. मला वाटलं, आता रडतील, नाहीतर तिच्या श्रीमुखात भडकावतील. आत्यांचा नेम नसे.

“मला का फसवलंस?”

“तू पडलीस म्हणून.”

“मी पडले तर पडू द्यायचं. माझं काय, पिकलं पान.”

“आणि मी काय कोवळं हाय?” वृषाली म्हणाली. तिला हसू आलं, ते तिनं हातानं बरगडी दाबून थांबवलं. “आई, हितनं पुढं मी खरा आकडा सांगीन. पण माझी अट हाय. आकडा कितीबी येऊ दे, तू माझ्यासमोर बसून जेवायचं. मिठाचं. रोज. ज्या दिवशी न्हाई जेवलीस, त्या दिवसापासून परत चार.”

“देवीला बोललीया मी.”

“देवीला मी सांगते काय सांगायचं ते.”

आत्यांनी तिचा हात उलटा करून बघितला. सुयांनी काळानिळा झालेला हात होता. “तू नऊ म्हणायचं,” त्या म्हणाल्या, “आणि मी हितं बसून भात-आमटी गिळायची?”

“व्हय.”

“आगं, मग मी करू काय?” आत्यांचा आवाज एकदम फुटला. शेजारच्या खाटेवरची बाई वळून बघायला लागली. “मनगटं गेली, थाप देता येत न्हाई. औषधाचं नाव वाचता येत न्हाई मला. तुझं दुखतंय आणि माझ्या हातात एक चिमूट मीठ हुतं सोडायला. तेवढंच येत हुतं मला. तेबी घेतीस?”

तेव्हा मला कळलं की आम्ही आत्यांच्या अंगावर उपाशीपणा दिसतो म्हणून घाबरलो होतो, आणि त्यांचं दुखणं दहापैकी किती हे कुणी एकदाही विचारलं नव्हतं. त्यांची गोळी ती होती. ती आम्ही काढून घेत होतो, आणि दुसरी द्यायला कुणाकडं काही नव्हतं.

“घेते,” वृषाली शेवटी म्हणाली. तीही रडत होती.

तिला पुढं सहा वर्षं मिळाली. वह्या नऊ भरल्या, सगळ्या खऱ्या. पण मला राहून राहून आठवते ती घरी परतल्यावरची पहिली सकाळ.

बारा दिवसांनी आलो होतो. गोळी देऊन अर्धा तास झाला होता. वृषाली पुढं वाकून बसलेली, बरगडीशी उशी धरून. बाईंनी सांगितलं होतं, मोडक्या बाजूला हात लावायचा नाही, पाठीच्या दुसऱ्या अंगाला हलकं थापायचं, कारण थाप सोडून चालणार नव्हतं. आत्या पलंगाजवळ पाटावर बसल्या. पुढं ताट. भात, त्यावर आमटी. मीठ त्यांनी आमच्यादेखत घातलं होतं.

मी वही उघडली. “किती?”

वृषालीनं एकदा आईकडं बघितलं. “आठ.”

आत्यांचा हात भातात थांबला. बोटांना आमटी लागलेली, हात तसाच. मला वाटलं, उठतील. ताट ढकलून देवघराकडं जातील. मी मनातल्या मनात म्हणाले, उठा आत्या, जावा, मी परत चार लिहिते.

“आई, खा,” वृषाली म्हणाली.

आत्यांनी घास तोंडात घातला. चावायला लागल्या. डोळ्यांतून पाणी हनुवटीपर्यंत आलं तरी चावत राहिल्या, आणि मग तो घास मोठ्या कष्टानं खाली उतरला. मी वहीत आठ लिहिलं आणि हाताची ओंजळ करून पहिली थाप दिली. वृषालीचा श्वास अडकला. मी दुसरी दिली.

आत्यांनी माझ्याकडं मान वर केली. “गं पोरी,” त्यांनी विचारलं, “मी जेवल्यानं तिचं दुखायचं काही कमी होतं का?”

“नाही, आत्या.”

त्यांनी मान हलवली आणि दुसरा घास घेतला.